‘साभार’ लिहिलं की झालं?

माझी एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. अपूर्णांक मुलांच्या डोक्यात शिरेनात, म्हणून तिने बारा पानांचा एक स्वाध्यायसंच केला. वर्तुळांच्या जागी भाकऱ्या काढल्या: अर्धी भाकरी, चतकोर भाकरी, आठ तुकडे केलेली भाकरी. चित्रं स्वतःच्या हाताने काढली, मोबाइलवर स्कॅन केली, पीडीएफ केली आणि केंद्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. तीन महिन्यांनी तोच संच दुसऱ्याच एका ग्रुपवरून फिरत फिरत तिच्याकडे आला. भाकऱ्या त्याच, पण तळाशी तिच्या नावाच्या जागी कुणा गुरुजींचं नाव होतं. नावाआधी ‘संकलन व निर्मिती’ असे भारदस्त शब्द होते आणि पानापानावर तिरका एका स्टेशनरीच्या दुकानाचा फोन नंबर. संच आपलाच, हे तिने कशावरून ओळखलं? एका भाकरीचे आठाऐवजी सातच तुकडे तिने चुकून काढले होते. ती चूकही जशीच्या तशी गावोगाव फिरत होती.

ती भयंकर चिडली होती, आणि ते रास्तच होतं. पण त्याच फोनवर, दहा मिनिटांनी, तिने मला आनंदाने सांगितलं की एका थोर कवीचा अख्खा कवितासंग्रह पानन्‌पान स्कॅन करून ती तालुक्याच्या ग्रुपवर टाकणार आहे. मी जरा घुटमळलो. त्यावर ती म्हणाली, “अरे, खाली साभार लिहिते ना!”

या एका फोनमध्ये सगळा प्रश्न आला. २०२० साली शाळा बंद झाल्या, ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत रोजचा अभ्यास मोबाइलवर यायला लागला आणि तोवर कपाटात राहणारं शिक्षकाचं साहित्य एकदम रस्त्यावर आलं. टाचण, वार्षिक नियोजन, वर्णनात्मक नोंदी, कृतिपत्रिका, स्कॉलरशिपचे सराव पेपर, सगळ्याच्या पीडीएफ झाल्या. शाळा पुन्हा भरल्या, पण ही सवय टिकली, आणि ती टिकली हे चांगलंच झालं. आडगावच्या एकशिक्षकी शाळेला शहरातल्या शाळेइतकंच साहित्य हाताशी आलं. फक्त यातलं कुठलं आपण पुढे पाठवू शकतो आणि कुठलं नाही, हे कुणी कुणाला नीट सांगितलं नाही. डी.एड.ला ते शिकवत नाहीत आणि शिक्षण परिषदेत त्यावर तास होत नाही. परिणाम असा की आपला शिक्षक जिथे घाबरायचं कारण नाही तिथे घाबरतो, आणि जिथे थबकायला हवं तिथे बिनधास्त पुढे जातो.

आधी घाबरण्याची जागा पाहू. भारताचा कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. २१ जानेवारी १९५८ पासून तो लागू आहे. त्यातलं ५२ वं कलम म्हणजे, अमुक गोष्टी केल्या तर हक्कभंग होत नाही, याची लांबलचक यादी आहे. या यादीत शिक्षकासाठी एक पोटकलम आहे आणि ते आश्चर्य वाटावं इतकं उदार आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने कोणत्याही कृतीची प्रत काढली, प्रश्नपत्रिकेत ती छापली किंवा प्रश्नाच्या उत्तरात वापरली, तर तो हक्कभंग नाही. पूर्वी इथे साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृती यांचाच उल्लेख होता. २०१२ च्या दुरुस्तीने ‘कोणतीही कृती’ असं झालं. पानांची मर्यादा घातलेली नाही. दहा टक्के, एक प्रकरण, दोन चित्रं, असलं काहीही तिथे लिहिलेलं नाही.

शेजारच्याच पोटकलमात शालेय वापरासाठी उताऱ्यांचे संग्रह छापणाऱ्या प्रकाशकाला मात्र कायद्याने बारीक हिशोब घालून दिला आहे. संग्रहातला बहुतेक मजकूर हक्कमुक्त हवा, घेतलेले उतारे छोटे हवेत, आणि एकाच लेखकाचे दोनांहून अधिक उतारे त्या प्रकाशकाने पाच वर्षांत घ्यायचे नाहीत. मोजमाप कसं घालायचं हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. शिक्षकाच्या बाबतीत त्यांनी ते घातलं नाही.

याचा खरा अर्थ काय, हे ठरायला मात्र दिल्लीतलं एक झेरॉक्सचं दुकान कोर्टात खेचलं जावं लागलं. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचं छोटं दुकान होतं. प्राध्यापक अभ्यासक्रमाप्रमाणे निरनिराळ्या पुस्तकांतली प्रकरणं ठरवून द्यायचे, पुस्तकं ग्रंथालयातून यायची आणि दुकानदार ती पानं झेरॉक्स करून, स्पायरल घालून, पानाला काही पैसे या दराने ‘कोर्स पॅक’ म्हणून विद्यार्थ्यांना द्यायचा. आपल्याकडच्या कुठल्याही कॉलेजच्या दारात दिसेल तसंच दृश्य. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. मागणी साठ लाखांच्या भरपाईची. दुकानाला कोर्स पॅक विकायला मनाई झाली.

प्रकाशकांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. दुकानदार काही शिक्षक नाही, तो पैसे घेतो आणि ‘शिकवण्याच्या ओघात’ म्हणजे वर्गात तास चालू असताना, असा त्यांचा मुद्दा होता. पण विरोधात उभे राहिले ते खुद्द लेखक. अमर्त्य सेन यांनी प्रकाशकांनी हा दावा पुढे रेटू नये असं जाहीर पत्राने कळवलं. आमची पुस्तकं विद्यार्थ्यांनी झेरॉक्स करून वाचली तर आमची हरकत नाही, असं इतर अनेक अभ्यासकांनीही म्हटलं.

१६ सप्टेंबर २०१६ ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही निसर्गदत्त किंवा ईश्वरदत्त हक्क नव्हे, तो कायद्याने दिलेला आणि कायद्यानेच मर्यादित केलेला हक्क आहे, हा त्या निकालाचा कणा. त्यात एक मजेदार तुकडा आहे. न्यायमूर्तींनी स्वतःचे विद्यार्थिदशेचे दिवस आठवले आहेत, ग्रंथालयात बसून पुस्तकातली पानं हाताने उतरवून काढण्याचे. हाताने उतरवणं चालत होतं, मग यंत्राने तेच केलं तर ते अचानक बेकायदा का व्हावं? परिणाम तोच असेल तर साधन बदलल्याने फरक पडत नाही, असं त्यांनी मानलं.

प्रकाशक अपिलात गेले. ९ डिसेंबर २०१६ ला न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने तत्त्व तेच ठेवलं. शिकवण्याचा ओघ म्हणजे फक्त घंटा ते घंटा नव्हे, तासाआधी वाचायला दिलेलं साहित्यही त्यात येतं. किती पानं घेतली यापेक्षा ती शिकवण्याच्या हेतूसाठी खरोखर लागत होती का, हे पाहायचं. मात्र या कोर्स पॅकमधला मजकूर खरंच तितका गरजेचा होता का, अख्खी पुस्तकं झेरॉक्स केली गेली होती त्याचं काय, हे तपासण्यासाठी खंडपीठाने प्रकरण खाली पाठवलं. तो तपास कधीच झाला नाही. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. त्यांची परवाना संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली होती, तिची याचिका मे महिन्यात फेटाळली गेली.

म्हणून पन्नास मुलांना एका पुस्तकातली आठ पानं झेरॉक्स करून देताना हात थरथरू द्यायचं कारण नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘कोणताही भाग परवानगीशिवाय घेता येणार नाही’ असं कितीही ठसठशीत छापलेलं असो. ते प्रकाशकाचं म्हणणं झालं. कायद्याने दिलेली सूट त्या एका ओळीने रद्द होत नाही. मी असे मुख्याध्यापक पाहिले आहेत, जे ही ओळ वाचून शिक्षकाला झेरॉक्सचं बिल नाकारतात. बिल नाकारायचं खरं कारण वेगळं असतं, ते सोडा.

आता दुसरी बाजू. रामेश्वरीचा निकाल कागदाबद्दल होता. ग्रंथालयातलं पुस्तक, ठरलेले विद्यार्थी, ठरलेला अभ्यासक्रम. पोटकलमातला शब्दही ‘प्रत काढणे’ हा आहे. कायद्यात त्याखेरीज ‘लोकांपर्यंत पोहोचवणे’ नावाचा एक स्वतंत्र हक्क आहे आणि तो मूळ हक्कदाराकडेच असतो. कृती लोकांना पाहता किंवा ऐकता येईल अशी उपलब्ध करून दिली की झालं, प्रत्यक्षात कुणी पाहिली की नाही याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ तीनच जणांनी पाहिला, त्यातले दोघे घरचेच, तरी तो लोकांपर्यंत पोहोचवला असंच धरतात.

सगळं अडतं ते वर्गाच्या दाराशी. वर्गाला दार असतं, आत कोण बसलंय हे शिक्षकाला माहीत असतं आणि आत चाललेल्या कामासाठीच ही सवलत आहे. आपल्या चौथीच्या पालकांचा ग्रुप म्हणजे वर्गच, फक्त भिंती नसलेला. त्यात उद्याच्या पाठासाठी गोष्टीची चार पानं पाठवली तर ती शिकवण्याच्या ओघातच आहेत, असं रामेश्वरीच्या धाग्याने म्हणता येतं. तीच चार पानं अडीच लाख सदस्यांच्या टेलिग्राम चॅनेलवर टाकली, तर तिथे कोण कुणाला काय शिकवतंय? ब्लॉगवर, फेसबुकवर, सगळ्यांसाठी खुल्या ड्राइव्हवर टाकली, तरी तेच.

बाहेरच्या देशांनी हे दार कायद्यातच बसवलं आहे. अमेरिकेने २००२ मध्ये ऑनलाइन शिकवण्यासाठी वेगळी तरतूद केली. त्या वर्गात नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्यांपुरतंच साहित्य पोहोचावं, अशी तिची अट आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशातही शाळेच्या आवारात, किंवा फक्त विद्यार्थी आणि शिक्षक यांनाच उघडता येईल अशा सुरक्षित व्यवस्थेत, अशी भाषा आहे. आपल्या कायद्यात पडद्यावरच्या वर्गाचा असा उल्लेख नाही, त्यामुळे दार शिक्षकालाच लावून घ्यावं लागतं: पासवर्ड, क्लासरूमचा कोड, वर्षाअखेरीस रिकामा केलेला फोल्डर. फार अवघड काम नाही. घराला कडी लावण्याइतकंच.

हे दार कुठे निसटतं, ते सगळ्यात स्वच्छ दिसतं स्नेहसंमेलनात. कायद्याने शाळेला इथेही मोकळीक दिली आहे. शिक्षक आणि विद्यार्थी नाटुकलं करू शकतात, गाणं म्हणू शकतात. प्रेक्षक म्हणून शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळीच असतील, तर ध्वनिमुद्रित गाणंही लावता येतं. कुणाची परवानगी लागत नाही. पहिलीची मुलं पिवळ्या फेट्यात कोळीगीतावर नाचतात, मागे स्पीकरवर एखाद्या कंपनीचं रेकॉर्ड वाजतं, आज्या डोळे पुसतात. इथवर सगळं कायद्यात बसतं. रात्री एखादे उत्साही सर तो सगळा व्हिडिओ शाळेच्या यूट्यूब चॅनेलवर चढवतात आणि सकाळी पाहतात तर आवाज गायब, किंवा व्हिडिओवर दावा. यूट्यूबची यंत्रणा गाणं आपोआप ओळखते. बऱ्याचदा फक्त जाहिरातीचे पैसे कंपनीकडे जातात आणि व्हिडिओ राहतो. पण हक्कदाराने रीतसर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला तर चॅनेलवर ‘स्ट्राइक’ येतो, आणि नव्वद दिवसांत असे तीन आले तर चॅनेलच बंद होऊ शकतं. मग पाच वर्षांचे प्रयोगांचे व्हिडिओही गेले. सर म्हणतात, “आम्ही काय धंदा करतो का?” धंदा करत नाही, हे खरंच. पण इथे सवलत शाळेच्या प्रेक्षकांपुरती होती आणि यूट्यूबचे प्रेक्षक शाळेचे नव्हेत.

आता ‘साभार’. मराठी शिक्षकाचा या शब्दावर विलक्षण विश्वास. ‘साभार: गूगल’ असं लिहिलेल्या चित्रांचे तक्ते मी भिंतींवर पाहिले आहेत. गूगलने ते चित्र काढलेलं नसतं, हे सांगण्यात अर्थ नाही. ‘साभार: इंटरनेट’ हा त्याचा मोठा भाऊ. दुसरा आवडता शब्द ‘संकलन’. त्याच्या आडोशाने दहा जणांचं काम एकाच्या नावावर उभं राहतं.

खरं तर इथे दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. श्रेय देणं एक, परवानगी असणं दुसरं. ज्याची परवानगी हवी त्याचं नुसतं नाव लिहून परवानगी मिळत नाही. उसने घेतलेल्या पुस्तकावर मालकाचं नाव लिहिलं म्हणून ते आपलं होत नाही, तसंच. आणि उलट, जिथे परवानगीची गरजच नाही तिथेही श्रेय द्यावंच लागतं. कायद्याच्या ५७ व्या कलमाने लेखकाला स्वतःच्या नावाचा हक्क दिला आहे. त्याने कॉपीराइट विकून टाकला तरी तो हक्क त्याच्याकडेच राहतो. भाकरीच्या संचावरचं नाव खोडणाऱ्या गुरुजींनी मोडलं ते हे कलम. माझ्या मते पुस्तकाची पानं पाठवण्याहून ही चूक मोठी आहे. त्या पानांवर निदान मूळ लेखकाचं नाव तरी राहतं.

बरं, मग मैत्रिणीच्या त्या कवितासंग्रहाचं काय? इथे तारखा बघाव्या लागतात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून, साठ वर्षं हक्क राहतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. १९४१ मध्ये वारलेल्या रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपणार होता. तो संपू नये म्हणून सरकारने घाईने वटहुकूम काढला आणि १९९२ मध्ये सगळ्यांचीच मुदत दहा वर्षांनी वाढली. शांतिनिकेतनसाठी झालेल्या या बदलाचा परिणाम महाराष्ट्रातही झाला. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले. त्यांचं साहित्य २००० अखेर मोकळं झालं असतं, ते २०१० अखेर झालं.

असा हिशोब करत गेलं की शिक्षकाच्या हाती खूप काही लागतं. केशवसुत १९०५ ला गेले, बालकवी १९१८ ला, भा. रा. तांबे १९४१ ला. ही सगळी मंडळी केव्हाच सार्वजनिक झाली आहेत. बहिणाबाई १९५१ मध्ये वारल्या, पण त्यांची गाणी पुस्तकरूपाने त्यांच्या मागे, १९५२ मध्ये आली. मरणोत्तर प्रकाशित साहित्याची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून ती २०१२ अखेर मोकळी झाली. आचार्य अत्रे १९६९ ला गेले, म्हणजे अजून २०२९ अखेरपर्यंत थांबा. गदिमा १९७७, म्हणजे २०३७. कुसुमाग्रज १९९९, पु. ल. २०००, शान्ता शेळके २००२, विंदा २०१०. यांच्यासाठी थांबायचं म्हटलं तर सध्या नोकरीत असलेले बहुतेक शिक्षक तोवर निवृत्त झालेले असतील. वर्गात शिकवायचं, फळ्यावर लिहायचं, प्रश्नपत्रिकेत घ्यायचं, यात कुणी आडवं येत नाही. अख्खा संग्रह स्कॅन करून तालुक्याला वाटायचा तेवढा नाही.

यातही खाचा आहेत. कविता मोकळी झाली म्हणजे तिच्याभोवतीचं सगळं मोकळं झालं असं नाही. तांब्यांच्या कवितांना वसंत प्रभूंनी चाली लावल्या आणि लता मंगेशकरांनी त्या गायल्या. चाल वेगळी कृती, ध्वनिमुद्रण आणखी वेगळी कृती, दोहोंच्या मुदती वेगळ्या. ज्ञानेश्वरी सातशे वर्षांपूर्वीची, पण कालपरवाच्या संपादकाच्या प्रस्तावना, टिपा आणि अर्थ त्याच्या मालकीचे. जुन्या गोष्टीच्या नव्या आवृत्तीतली चित्रं चित्रकाराची. म्हणून मोकळ्या साहित्याचं पान स्कॅन करण्यापेक्षा मजकूर पुन्हा टाइप करून घ्यावा, म्हणजे बाकीचे गुंते उरत नाहीत. किंवा विकिस्रोतावर पाहावं, तिथे कुणीतरी आधीच टाइप करून ठेवलेलं असतं.

आणखी एक खाच परदेशातल्या मराठी शाळांसाठी. उत्तर अमेरिकेत रविवारी भरणाऱ्या मराठी शाळांमधून आपल्या पीडीएफ सर्रास वापरल्या जातात, आणि त्यांना कायदा लागतो तो तिथला. १ जानेवारी १९९६ ला मायदेशी ज्यांचा हक्क जिवंत होता, अशा परदेशी पुस्तकांना अमेरिकेने पुन्हा संरक्षण दिलं, प्रकाशनापासून पंचाण्णव वर्षांचं. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ त्या वेळी भारतात हक्काखालीच होती. त्यामुळे पुण्यात ती कोणीही छापू शकतो, आणि शिकागोत मात्र ती अजून कायद्याच्या कुलपात आहे.

पाठ्यपुस्तकांचं प्रकरण थोडक्यात. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. फुकट मिळतं ते मोकळं असतं, ही समजूत चुकीची आहे. हक्क बालभारतीचेच असतात. एनसीईआरटीने तर २०२४ मध्ये आपला मजकूर विनापरवानगी वापरणाऱ्यांना जाहीर ताकीदच दिली होती. वर्गात हवं तसं वापरा, पण तीच पीडीएफ आपल्या नावाचा वॉटरमार्क घालून आपल्या संकेतस्थळावर का ठेवायची? दुवा द्यावा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणला आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळवला, तो कोडही मुळात दुवाच आहे. ज्याचं त्याच्या घरी राहतं, मूल तिथे जाऊन पाहतं.

एक मोकळीक मात्र शिक्षकांना जवळजवळ माहीतच नाही. अंध किंवा छापील अक्षर वाचता न येणाऱ्या मुलासाठी पुस्तक ब्रेलमध्ये आणणं, मोठ्या अक्षरात काढणं, आवाजात रेकॉर्ड करून देणं याला २०१२ च्या दुरुस्तीपासून कायद्याची स्पष्ट सूट आहे, मग ते कुसुमाग्रज असोत की कालच आलेली कादंबरी. याच विषयावरच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता.

आता मैत्रिणीचा भाकऱ्यांचा संच. तो नेमका कुणाचा? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा, असा १७ व्या कलमाचा नियम. मग शिक्षकाची प्रत्येक कृतिपत्रिका संस्थेची? इंग्लंडच्या न्यायमूर्ती डेनिंग यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एका निकालात अध्यापकाचंच उदाहरण घेतलं होतं. त्याला व्याख्यानं द्यायला नेमलेलं असतं, त्यासाठी लिहून काढलेला मजकूर त्याचाच. त्याही आधी, १९१६ मध्ये, लंडन विद्यापीठाच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकांचा खटला गाजला. प्रश्नपत्रिका ही ‘साहित्यकृती’ आहे असं न्यायालयाने तेव्हा मानलं आणि परीक्षक पगारी नोकर नसल्याने हक्क त्यांचा ठरला. भारतातल्या उच्च न्यायालयांनी १९६० च्या दशकात प्रश्नपत्रिकांबद्दल हाच मार्ग धरला. तेव्हा ‘यात काय एवढं, साध्या सराव पेपरला कसला कॉपीराइट’ असं म्हणणाऱ्याला हे दाखवावं. सूत्रं, पाढे, सनावळ्या कुणाच्याच नाहीत. पण ते कसं मांडलं, कुठली भाकरी कशी कापली, ते मात्र करणाऱ्याचं. सरकारी किंवा संस्थेच्या नोकरीत असताना त्यावर पूर्ण हक्क सांगण्याआधी नेमणुकीच्या अटी एकदा वाचाव्यात, एवढं खरं. नावाचा हक्क तर कुठल्याच अटींनी जात नाही.

वर्गातल्या बोलण्याबद्दलही कायद्यात एक गमतीची जागा आहे. सादरकर्ता म्हणजे कोण, याच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा, असे सगळे एका रांगेत बसवले आहेत. गारुड्याच्या पंगतीला बसणं काहींना रुचणार नाही. पण त्यामुळे तास विनापरवानगी रेकॉर्ड करून विकणाऱ्याला अडवण्याचा हक्क शिक्षकाला मिळतो. दिल्लीच्या नीतू सिंह या शिक्षिका-लेखिकेने तर आपल्या साहित्यासाठी न्यायालयात दाद मागितली. तिची पुस्तकं आणि व्हिडिओ टेलिग्रामच्या चॅनेलांवरून वाटले जात होते, एक बंद केलं की दुसरं निघत होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला ती चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं आणि कंपनीला ती द्यावी लागली. ‘मी तर फक्त फॉरवर्ड केलं’ म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच म्हटलं. नफ्यासाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. पण तिथवर कशाला जायचं?

शिक्षकाला चोरी नको असते, पण कुलूपही नको असतं. आपला संच गडचिरोलीत वापरला गेला तर त्याला आनंदच होतो, फक्त नाव राहावं. यासाठीच क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून आहेत. अर्ज नाही, फी नाही, तळाशी एक ओळ लिहायची. वापरा, बदला, पण माझं नाव ठेवा, हा सगळ्यात मोकळा. त्यात हवं तर अटी घालता येतात: धंद्यासाठी नको, बदल नको, किंवा बदललंत तर तुम्हीही याच अटीवर पुढे द्या. एनसीईआरटीचं मुक्त साहित्याचं भांडार २०१३ पासून याच तत्त्वावर चालतं, आयआयटींची एनपीटीईएलची व्याख्यानंही, आणि ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-मंचावरचं बरंच साहित्यही. तिथून घेतलेली चित्रं आणि पाठ निश्चिंतपणे वापरता येतात. ‘धंद्यासाठी नको’ असं लिहिलेलं साहित्य जाहिराती चालू असलेल्या यूट्यूब चॅनेलवर टाकताना मात्र दोनदा विचार करावा.

मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं. कवितासंग्रहाचं स्कॅनिंग तिने सोडलं, जरा कुरकुरत. भाकरीच्या संचाच्या पानापानावर आता बारीक अक्षरात एक ओळ आहे: नाव ठेवून कोणीही वापरा, बदला, विकू मात्र नका. यंदा दिवाळीनंतर तो पुन्हा तिच्याकडे परत आला, खानदेशातून. कुणीतरी सगळ्या सूचना अहिराणीत केल्या होत्या, खाली आधी तिचं नाव होतं आणि मग भाषांतर करणारीचं. सातव्या पानावरच्या भाकरीला पेनाने एक रेघ जास्त मारलेली होती आणि बाजूला लिहिलं होतं: बाई, आठ तुकडे हवेत.